एन्ग्रासियाच्या शिव्या

टेबलावर बोटाची एक टकटक म्हणजे स्वल्पविराम, दोन म्हणजे पूर्णविराम, आणि तळहाताची थाप बसली की नवा परिच्छेद. इलारियो बेगा सोलीसची शेवटची कादंबरी अशी लिहिली गेली. लीड्समधल्या त्याच्या स्वयंपाकघरात, शनिवारी दुपारी, चहा थंड करत. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. तो ओटा ते खिडकी फेऱ्या मारत बोलायचा आणि पूर्वी मेश्राम लॅपटॉपवर उतरवून घ्यायची.

पूर्वी नागपूरची. पुण्यात स्पॅनिश शिकली, लीड्सला त्याच्याच हाताखाली पीएच.डी. केली आणि त्याच्याच विभागात शिकवायला लागली. विभागाला आता टाळं लागणार होतं. युनिव्हर्सिटीला भाषा परवडत नाहीत म्हणे, कॅफे परवडतात. विभागात म्हाताऱ्याला सगळे ‘हिलरी’ म्हणायचे. सगळं आयुष्य या लोकांना स्पॅनिश शिकवण्यात गेलं आणि त्याचं नाव काही त्यांना घेता आलं नाही.

म्हातारा उत्तर स्पेनमधल्या कोळशाच्या खाणीवरचा. आई एन्ग्रासिया खाणीच्या तोंडाशी बसून कोळशातले दगड निवडायची. पोरगं हुशार निघालं म्हणून पाद्र्यांनी उचलून सेमिनरीत नेलं. तिथे आईच्या बोलीतला शब्द तोंडातून निघाला की हातावर छडी. पाद्री व्हायचं सोडून तो इंग्लंडला पळाला, हॉटेलात भांडी घासली, शिकला, प्रोफेसर झाला. जुन्या स्पॅनिश कादंबऱ्यांतल्या भामट्यांवर आणि भिकाऱ्यांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले, आणि तेही अशा चोख भाषेत की एकाही भिकाऱ्याला कळू नयेत. मग स्वतःच्या दोन कादंबऱ्या लिहिल्या. लोकांनी त्या वाखाणल्या आणि लोक विसरून गेले.

‘‘मेलेल्या होत्या त्या,’’ तो पूर्वीला म्हणाला होता. ‘‘इस्त्री केलेली प्रेतं. आता एकच काम उरलंय. मरायच्या आत माझी आई तिच्या तोंडाने छापून यायला पाहिजे. मग न्या मला.’’

आणि एन्ग्रासियाचं तोंड म्हणजे काय होतं! संपाच्या वर्षी काही मजूर संप मोडून कामावर निघाले, तेव्हा गावातल्या बायकांनी त्यांच्या वाटेवर मक्याचे दाणे टाकले. टिपा, भित्र्या कोंबड्यांनो! एन्ग्रासिया सगळ्यांच्या पुढे. ‘‘या रे, टिपा! आणि पोट भरलं की मालकाच्या ढुंगणाखाली बसून अंडी घाला!’’ ही त्यातली सौम्य शिवी. बाकीच्यांत देव, पाद्री, मालकाची बायको आणि गाढव हे सगळे एकाच वाक्यात यायचे. सांगताना म्हातारा हसून हसून खोकायचा. अर्धे शब्द पूर्वीला कळायचेही नाहीत, खाणीतले होते.

पूर्वीने ते टाइप केलं नाही.

म्हातारा टकटक करत होता, पूर्वीची बोटं चालत होती, आणि स्क्रीनवर उमटत होतं, ‘बंधूंनो, आपल्या सोबत्यांना असा दगा देऊ नका.’ पहिल्या शनिवारी एक शब्द बदलला. पुढे आख्खी बाईच बदलली. म्हाताऱ्याची एक खोड होती, पुस्तक छापून येईपर्यंत सांगितलेलं परत ऐकायचं नाही. ऐकलं की सूर जातो म्हणायचा. त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं.

तिने हे दुष्टपणाने केलं नाही, आणि तेच तर वाईट. पुण्यात कॉलेजात ती पहिली आली तेव्हा सत्काराला तिची आई रंभाबाई नागपूरहून आली होती. बिड्या वळणारी बाई. माइक हातात दिला तर बोलली, ‘‘माही पोरगी लय शिकून राह्यली, मले लय बरं वाटून राह्यलं बाप्पा.’’ आणि हॉल हसला. सुशिक्षित हॉल, समतेवर भाषणं ठोकणारा हॉल, फिदीफिदी हसला. कुणीतरी मागून ‘राह्यलं बाप्पा’ म्हणून नक्कलही केली. त्या दिवसापासून पूर्वीच्या तोंडात नागपूर आलं नाही. लोकांची आई हसण्यावारी जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं. म्हाताऱ्याची आई तिने झाकली. आपल्या आईला झाकता आलं नव्हतं.

पुस्तक आलं. स्पेनमधल्या ओव्हिएदोच्या छोट्या प्रकाशकाने काढलं, ई-बुकासकट. ‘संयत, कुलीन मातृचित्र’ असं मागे छापलं होतं. पूर्वी प्रत घेऊन शनिवारी गेली तर म्हातारा खुर्चीत बसलेला, मांडीवर फोन. अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारं अ‍ॅप तिनेच त्यात घालून दिलं होतं. मशीनचा बाईसारखा आवाज स्पॅनिशमध्ये म्हणत होता, ‘बंधूंनो, आपल्या सोबत्यांना असा दगा देऊ नका.’

त्याने फोन बंद केला.

‘‘पूर्वी, ही कोण बाई आहे?’’

‘‘प्रोफेसर, मी तुम्हाला सांगणारच होते...’’

‘‘बिशपच्या घरची स्वयंपाकीण आहे का? माझ्या आईच्या घरात काय करतेय?’’

‘‘लोक हसले असते. ओव्हिएदोतले ते समीक्षक, इथले हे. मला माहीत आहे कसे हसतात.’’

‘‘हसू दे की! हसण्यासाठीच बोलायची ती. तिच्याकडे दुसरं काय होतं? बंदूक होती?’’ म्हाताऱ्याचा आवाज फाटला. ‘‘दाणे टाकले त्या दिवशी मी सुट्टीवर घरी होतो. सेमिनरीचा काळा झगा घालून. तिचा आवाज ऐकला आणि मी खिडकी लावून घेतली. साठ वर्षं ती उघडायला घालवली मी. तू येऊन परत लावलीस.’’

पूर्वी म्हणाली, ‘‘परत सांगा. मी जसंच्या तसं घेते. प्रकाशकाशी मी भांडते.’’

‘‘बस मग.’’

ती बसली. तो उठला, खिडकीशी गेला, ओट्याशी आला. तोंड उघडलं. मिटलं. बोट टेबलावर ठेवलं, टकटक केली नाही.

‘‘या रे...’’ तो म्हणाला. ‘‘या रे, बंधूंनो...’’ आणि थांबला. चेहरा असा झाला की पूर्वीला बघवेना. ‘‘सकाळपासून तीन वेळा ऐकलंय मी ते. आता कानात तीच बोलते. माझी कुठे गेली? तुझ्याकडे आहे का? काय म्हणायची ती गाढवाचं?’’

पूर्वीने आठवून बघितलं. गाढव आठवत होतं. शब्द आठवत नव्हते. ज्या शब्दांची लाज वाटली ते तिने ऐकताना कानाबाहेरच ठेवले होते.

नंतरच्या शनिवारीही ती गेली. तो फेऱ्या मारायचा आणि काही यायचं नाही. मग फेऱ्याही थांबल्या.

तिने नागपूरला फोन लावला. आईला सगळं सांगितलं, आपल्या पुणेरी मराठीत.

‘‘थांब,’’ रंभाबाई म्हणाली. ‘‘दोन इलारियो म्हंतं. दोघं आहेत का ते?’’

‘‘एकच आहेत गं. ‘दोन’ म्हणजे तिकडे मान देऊन म्हणतात. आपलं ‘साहेब’ म्हणतो तसं.’’

‘‘बरं. तर त्या बुढ्याची माय शिव्या देत होती. देऊ द्यायच्या होत्या ना वो! तुह्या बापाचं काय जात होतं?’’

‘‘लोक हसले असते, आई.’’

तिकडून फक्त पंख्याचा आवाज आला.

‘‘पुन्यात हसले होते थे, मले आयकू आलं होतं,’’ रंभाबाई म्हणाली. ‘‘मी बहिरी नाही. पन मी माइक सोडला का? तूच मान खाली घातली होती. मी बोलून राह्यली होती अन् माही पोरगी जमिनीकडे पाहून राह्यली होती. थे जास्त लागलं मले.’’

पूर्वी आताही जमिनीकडेच बघत होती.

‘‘मलेही असंच धुतलं असशीन तू तिकडच्या लोकायसमोर,’’ रंभाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हातारा फेब्रुवारीत गेला, हॉस्पिटलमध्ये, न्यूमोनियाने. शेवटच्या दिवसांत त्याचं बोट पांघरुणावर हलायचं. एक, दोन. मध्ये शब्द नव्हते, नुसते स्वल्पविराम आणि पूर्णविराम. प्रकाशकाने कळवलं की दुरुस्तीसाठी लेखकाचा मजकूर पाठवावा, नाहीतर आहे ते उत्तम आहे. मजकूर कुठे होता? हवेत होता, तो गेला.

क्रिमेटोरियममध्ये विभागप्रमुख फिलिपा बोलली. ‘डिअर हिलरी’ने आपल्या आईला किती डिग्निटी दिली, म्हणाली. डिग्निटी! जिवंत असती तर या शब्दासाठी एन्ग्रासियाने तिला कोळशाचा दगड मारला असता. मग मक्याच्या दाण्यांचं पान वाचायला पूर्वीला बोलावलं. ती उभी राहिली, पुस्तक उघडलं, बायका वाटेवर आल्या, दाणे पडले, एन्ग्रासिया पुढे झाली आणि म्हणाली...

पूर्वीला ते वाक्य वाचवेना. जागा रिकामी झाली. आणि त्या जागेत, वीस वर्षं कोंडून ठेवलेलं, तिच्या तोंडातून बाहेर पडलं, बिडीच्या ठेकेदारावर रंभाबाई ओरडायची ते, त्याच पट्टीत.

‘‘मुडदा बशिवला तुमचा! लोकायच्या पोटावर पाय देऊन राह्यले, तुमच्या तोंडात माती पडो! किडे पडो तुमच्या हाताले!’’

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. दोघांतिघांनी माना लववल्या. पडदा सरकला आणि शवपेटी आत गेली.

बाहेर सँडविचच्या टेबलाशी फिलिपाने तिच्या दंडावर हात ठेवला. ‘‘किती सुंदर होतं ते, पूर्वी. बुद्धिस्ट प्रेअर ना? पालीमध्ये?’’

‘‘शिव्या होत्या,’’ पूर्वी म्हणाली. ‘‘माझ्या आईच्या.’’

‘‘ओह,’’ फिलिपा म्हणाली, आणि विनोद समजून हळूच हसली, अंत्यविधीला शोभेल इतकंच.

दाराशी छोट्या टेबलावर पुस्तकांची चळत ठेवली होती. आठवण म्हणून घेऊन जा, असा कागद लावला होता. कोट चढवत, छत्री शोधत जो तो एकेक प्रत उचलत होता. धुतलेली, पुसलेली, भांग पाडलेली एन्ग्रासिया काखेत धरून लोक आपापल्या घरी चालले होते.