कोटाचं बटण

मी शिवणकाम करते, म्हणून गाठीचं माप मला बटणातच सुचलं. अंघोळ करताना डाव्या बाजूला ती पहिल्यांदा हाताला लागली, तेव्हा शर्टाच्या बटणाएवढी होती. तसलं एक बटण कागदावर टाचून खाली तारीख घातली.

मोठी नणंद विमा कंपनीत दावे तपासते. तिने ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "डॉक्टरकडे गेलीस?"

"नाही अजून."

"मग जाऊच नकोस. पॉलिसीला दोन वर्षं व्हायला पाच महिने आहेत. त्याआधी कागदावर आलं की जुना आजार समजून तारखा खोदून काढतात. छदामही मिळायचा नाही."

"आणि तोवर वाढली तर, वन्सं?"

"अगं, अठरा वर्षं हेच करतेय. 'कधीपासून?' या रकान्यात जुनी तारीख दिसली की खेळ खलास."

"लोकांचा?"

"तू आपली शिव."

मी शिवत बसले. तिला कळतं असं वाटलं, ही माझीच चूक. तीन महिन्यांनी कागदावर तिसरं बटण टाचलं, कोटाचं.

"उद्या दवाखान्यात जातेय," मी सांगितलं.

"दोनच महिने राहिलेत! तेवढा दम निघत नाही?"

"याच्यापेक्षा मोठं बटण माझ्या डब्यात नाही, वन्सं."

तीही आली, माझ्यावर नजर ठेवायला. खिडकीवर फॉर्म तिनेच ओढून घेतला. 'कधीपासून?' पुढे तिच्या ऑफिसच्या वळणदार अक्षरात लिहिलं : आठ दिवस.

मी पेन हिसकावलं. "आठ दिवसांत एवढी? डॉक्टर काय समजतील?"

"माझा भाऊ रस्त्यावर येईल!"

"आणि मी कुठे जाईन?"

खिडकीतली बाई खेकसली, "भांडण घरी करा, मागे रांग आहे."

मी आठ दिवस खोडून खरी तारीख घातली.

आत डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली, मग बटणांचा कागद बराच वेळ पाहिला. "पहिल्या बटणालाच का नाही आलात?"

"यांना विचारा," मी नणंदेकडे हात केला. "कधीपासून ते विचारायचीच नोकरी आहे यांची."

सुईची तपासणी त्याच दिवशी ठरली. बाहेर बाकावर नणंद माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नात्यातला दावा माझ्या टेबलावर येत नाही. तुझा दुसरं कुणीतरी नामंजूर करेल."

"बरं झालं," मी म्हटलं. "पिशवी द्या."

"राहू दे. आत पिशवी नेऊ देत नाहीत."