लंकाबाईची डावी किडनी

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. माझं बहुतेक आयुष्य कोल्हारच्या लंकाबाईच्या पोटात गेलं. ती भर उन्हात उसात खुरपायची, पाणी प्यायचं विसरायची, आणि मी मुकाट्यानं तिचं रक्त गाळत राहायचे. काम चालू असलं की किडनीला कोण विचारतं?

माझ्या आत एक विषाणू राहायचा. कांजिण्यांच्या आणि नागिणीच्या विषाणूंच्या भावकीतला. लंकाबाईला त्याची लागण लहानपणीच कधीतरी झाली असावी, साध्या तापासारखी. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला पुरतं ओळखून होत्या. त्यानं डोकं वर काढलं की त्या दाबून टाकायच्या. म्हणून तो निपचित पडून असे.

पुढं तिच्या मुलीच्या, मोनिकाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. लंकाबाई डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "माझी काढून घ्या."

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मोनिकाला आणि तिच्या नवऱ्याला, राधाकृष्णला, समोर बसवून सांगितलं, "आईंच्या शरीरात हा विषाणू आहे, मोनिकाच्या नाही. तिच्या पेशींनी तो कधी पाहिलेलाच नाही. त्यात, त्या पेशींनी नवी किडनी परकी म्हणून मारू नये यासाठी आपण त्यांना औषधांनी गुंगीत ठेवणार. तेव्हा विषाणूवरची गोळी मी सांगेपर्यंत थांबवायची नाही."

राधाकृष्णनं मान डोलावली.

मला मोनिकाच्या पोटात जोडलं. लघवी पिशवीत उतरू लागली, तेव्हा लंकाबाई टाके सांभाळत, भिंत धरत आली आणि ती पिशवी बघून रडली. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते तेवढंच.

देवळाली प्रवराला सासरी परतल्यावर मोनिकाच्या चेहऱ्यावर तजेला आला. राधाकृष्ण म्हणाला, "किडनी चांगली चाललीय. मग ही विषाणूची गोळी कशाला? तुला काय झालंय?"

"डॉक्टरांना विचारा की एकदा."

"त्यात काय विचारायचं?" त्यानं ती पाकिटं उचलून कपाटात टाकली. मोनिकानं ती पुन्हा बाहेर काढली नाहीत.

मग माझ्यातला तो विषाणू उठला. मोनिकाच्या पेशी गुंगीत, आणि त्यांना तो अनोळखी. त्याला अडवणारं कुणीच नव्हतं. तो रक्तात उतरला, आतड्यांत गेला, फुप्फुसांत गेला. तिला ताप येऊ लागला, जुलाब सुरू झाले. राधाकृष्णनं टायफॉईड समजून गावातच सलाईन लावून घेतलं. ती उभी राहीना, तेव्हा कुठं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं विषाणूवर औषध सुरू झालं आणि पेशींना गुंगीत ठेवणारी औषधं कमी केली. तिचा जीव वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. तिच्या पेशी जाग्या झाल्या, उशिरा का होईना विषाणूला ओळखायला शिकल्या, त्याला त्यांनी मागं रेटलं. पण जाग्या झालेल्या पेशींना मीही दिसले. मीही बाहेरचीच. त्या माझ्यावर तुटून पडल्या. डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण मी सुजले आणि हळूहळू बंद पडले.

वॉर्डाच्या दारातच राधाकृष्ण सासूला म्हणाला, "मामी, तुमच्या किडनीतूनच रोग आला."

"मला न्हाई ठावं हुतं," लंकाबाई हळूच म्हणाली. "ठावं असतं तर दुसऱ्या कुनाची बघा म्हनले असते."

खाटेवरून मोनिका म्हणाली, "आई, तुझं काय बी चुकलं न्हाई. गोळी ह्यांनी बंद केली. आन् मी करू दिली."

राधाकृष्ण बाहेर गेला. गावात मात्र तो आजही सासूचंच नाव सांगतो.

आता मोनिका डायलिसिससाठी श्रीरामपूरला जाते. मी अजून तिच्याच पोटात आहे, आक्रसलेली, बिनकामाची. मित्रांनो, कुणी आपल्या देहातलं काढून दिलं, तर ते सांभाळायचं काम ऑपरेशनच्या दिवशी संपत नाही. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं गोळी सोडू नका, आणि दुसऱ्याला सोडायला लावू नका.

मोनिकानं कितीदा समजावलं, तरी कुणी विचारलं की लंकाबाई खाली बघून सांगते, "माझीच किडनी खराब निगाली."

मी खराब नव्हते, मित्रांनो.