पाठ असलेले शब्द

बटण काजात जात नव्हतं. वरून तिसरं. पांढरं, चार भोकांचं, इतरांसारखंच. पण काजाचा एक दोरा सुटून आडवा आला होता, आणि जन्मभर काजं करत आलेल्या तिच्या बोटांना आज तेवढा दोरा बाजूला सारणं जमेना. समोर खुर्चीत नवरा मान खाली घालून तिच्या बोटांकडे पाहत बसला होता. उजवा हात मांडीवर. त्याने ठेवलेला नाही, तिने ठेवलेला.

"हळू," तो म्हणाला.

आता हे हळू म्हणजे काय... घाई करू नकोस? काज फाटेल? की चहा हवाय, की पाठ अवघडलीय, की खिडकी लाव, की नुसतंच, मी इथे आहे? त्याच्याजवळ हा एकच शब्द उरला होता आणि दिवसभर सगळ्यासाठी तो तोच वापरत होता, घरात एकच भांडं उरलेल्या माणसाने त्यातच शिजवावं, त्यातच जेवावं, त्यातच पाणी प्यावं तसा. पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. बाकीचे शब्द कुठे गेले ते देव जाणे... देव जाणे! किती सहज येतं हे तोंडात. हा एक मात्र का राहिला ते तिला ठाऊक होतं. मोटार शिकवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसायचं, आपला पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि तोंडाने म्हणत राहायचं — हळू, हळू. सगळे त्याला मास्तर म्हणत. आणि बोलका तर असा, की शिकायला आलेली माणसं परवाना मिळाल्यावरही गप्पा मारायला यायची. चर्चच्या पाळकांनासुद्धा त्याने तोंडावर सांगितलं होतं, "प्रभू स्वतः शिकायला आला ना साहेब, तरी आधी आरसा नीट करायला लावीन." तिला तो सुईबाई म्हणायचा. शिवणकाम करते म्हणून, आणि टोचून बोलते म्हणूनही.

बटण लागलं. तिने त्याची कॉलर सारखी केली.

"पाळकसाहेब यायचेत आज," ती म्हणाली. "उद्याच्या उपासनेचं विचारायला."

तो पाहत राहिला. समजत होतं त्याला, बहुतेक सगळं समजत होतं. तेच तर...

मागच्या रविवारी झालं ते. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच उपासनेला आला होता. चाकांची खुर्ची मधल्या वाटेत, कडेच्या बाकाला लावून ठेवली होती आणि ती शेजारी बसली होती, त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येते का इकडे एक डोळा ठेवून. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. सगळे उभे राहिले, तिनेही ओठ हलवायला सुरुवात केली — नुसते ओठ, गेले कित्येक आठवडे ती एवढंच करत होती — आणि तिच्या कमरेच्या उंचीवरून आवाज आला. त्याचा. जुना, भरदार, थोडा घोगरा आवाज, आणि त्यात शब्द. एकामागून एक, न अडखळता, लहानपणापासून म्हणत आला तसे, अगदी शेवटच्या आमेनपर्यंत. पुढच्या बाकावरची बेकरीवाली वळून पाहू लागली. मग बाकीचे. एकेक जण थांबत गेला, आणि शेवटची दोन वाक्यं तो एकटाच म्हणत होता.

कोणीतरी रडलं. कोणीतरी "चमत्कार" म्हणालं. आणि मी काय केलं? मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हटलं, "मला हाक मार. सुईबाई म्हण. म्हण ना!" त्याने तोंड उघडलं, कपाळावरची शीर तटतटली, डोळ्यांत पाणी आलं...

"हळू," तो म्हणाला.

त्याचा शर्ट घालून झाल्यावर ती शिवणाच्या मशीनवर बसली. पडद्यांचं कापड टेबलावरून जमिनीपर्यंत घरंगळलं होतं, दुकानाला संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. पाय चालू झाला, सुई चालू झाली, कडेची घडी बोटांखालून पुढे सरकत राहिली आणि स्पीच थेरपिस्टचा आवाज मनात पुन्हा सुरू झाला. पोरगी तरुण होती, मऊ बोलायची, पण बोलायचं ते बोलायचीच. "काकू, असं होतं कधीकधी. आपण जे विचार करून बोलतो ते मेंदूत एका वाटेने येतं. आणि जे पाठ असतं, आकडे, वार, गाणी, प्रार्थना, ते दुसऱ्या वाटेने. काकांची पहिली वाट बंद झालीय, दुसरी शाबूत आहे." म्हणजे चमत्कार नाही? असं तिने विचारलं नव्हतं. चर्चमधलं काही न बोलता एवढंच विचारलं होतं, "म्हणजे त्यांना कळतं का, ते काय म्हणताहेत ते?" "सांगता येत नाही," पोरगी म्हणाली. "आपल्यालाही, पाठ असलेलं म्हणताना, दर वेळी कुठे कळतं?"

सहज म्हणाली ती. पण ते वाक्य घरात येऊन बसलं, पाहुण्यासारखं, आणि जायचं नाव घेईना.

मग तिने एक करून पाहिलं होतं, परवा. कोणाला सांगितलं नव्हतं. प्रार्थनेत भाकर मागायची जागा येते ना, तिथपर्यंत त्याला म्हणू द्यायचं आणि मध्येच थांबवायचं, समोर ताट धरायचं. निदान तेवढा एक शब्द बाहेर काढता आला, दगडातून खिळा काढावा तसा, तर भूक लागली की म्हणेल तरी. तिने सुरुवात करून दिली, तो म्हणत गेला, त्या शब्दावर आला, तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. "हे. हे काय आहे? पुन्हा म्हण." तो गोंधळला. बोटाखाली ओठ थरथरले. मग त्याने डाव्या हाताने ताट ढकललं, जोरात, आणि भिंतीकडे तोंड केलं. भात जमिनीवर सांडला. तो वेचताना तिला वाटलं, प्रार्थना मोडून मी तिच्यातून घास काढायला गेले. हे पाप आहे का? आणि लगेच दुसरं वाटलं, पहिल्याहून वाईट: देवा, तुझ्यासाठी त्याच्याजवळ अख्खी प्रार्थना ठेवलीस, आणि माझ्यासाठी एक हाक ठेवली नाहीस.

पाळक अकराच्या सुमारास आले. भला माणूस. दवाखान्यात तिच्याशेजारी तासन्‌तास बसलेला, उगाच काही न बोलणारा. आज मात्र त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता.

"ताई, उद्या उपासनेत सगळ्यांसमोर तुम्ही साक्ष द्यावी असं सगळ्यांना वाटतं. पाचच मिनिटं. जे घडलं ते."

"जे घडलं ते म्हणजे काय, साहेब?"

ते हसले. "तुम्हीच तर पाहिलंत."

तिने थेरपिस्टचं म्हणणं सांगितलं. दोन वाटा, एक बंद, एक शाबूत. सांगताना आवाज उगाच चढला, जणू पाळक भांडायला आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती दुसरी वाट कोणी राखली, ताई?"

उत्तर चांगलं होतं. फार चांगलं होतं, म्हणूनच तिला राग आला. इस्त्री केलेल्या रुमालासारखं, घडी कुठेच मोडलेली नाही. "आणि पहिली कोणी बंद केली?" असं जिभेवर आलं होतं... पण समोर चहा निवत होता, आणि हा माणूस दवाखान्यात आपला स्वेटर तिच्या खांद्यांवर टाकून स्वतः कुडकुडत बसला होता. तिने कप त्यांच्याकडे सरकवला.

"जबरदस्ती नाही," उठताना ते म्हणाले. "पण लोक अडचणीत आहेत, ताई. त्यांना काहीतरी धरायला हवं असतं. त्या बेकरीवालीचंच पाहा ना."

बेकरीवालीची मुलगी स्कूटरवरून पडली होती. डोक्याला मार. दवाखान्यात डोळे मिटून पडून होती, आणि डॉक्टर आता नुसतं 'बघू' म्हणत होते.

दुपारी बेकरीवाली स्वतःच आली. दार वाजलं तेव्हा मास्तर झोपेतून नुकता उठला होता. बेकरीवाली उंबऱ्यावर उभी, केस कसेतरी बांधलेले, बाहीला पीठ लागलेलं, आणि हातात एक पिवळी ओढणी, घट्ट गोळा करून धरलेली.

"ताई, पाच मिनिटं येऊ? लेकीची आहे ही. मास्तरांनी हातात घेऊन एकदा प्रार्थना म्हटली तर... मग मी तिच्या उशाशी ठेवीन."

आता सांगावं. हिला सांगायलाच हवं. बाई, याच्या म्हणण्यात तसं काही नाही, त्याला पाणीसुद्धा मागता येत नाही, थेरपिस्ट म्हणते... पण त्या बाईचे डोळे. ते आधीच आत येऊन खुर्चीजवळ पोचले होते. बाजूला होण्याशिवाय काही करता आलं नाही.

बेकरीवाली त्याच्यासमोर बसली, जमिनीवर. ओढणी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आधी ओढणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचे खांदे हलायला लागले, आवाज न करता. आणि त्याने डावा हात उचलला, वेडावाकडा, दोनदा नेम चुकून तिसऱ्यांदा तो तिच्या डोक्यावर टेकवला आणि म्हणाला, "हळू. हळू... हळू."

घाबरून स्टिअरिंग आवळून धरलेल्या कितीतरी माणसांना त्याने असंच म्हटलं असेल. ती दारात उभी राहून ऐकत होती, आणि आज तिला अर्थ शोधावा लागला नाही.

पण बेकरीवाली प्रार्थनेसाठी आली होती. डोळे पुसून ती वाट पाहू लागली. तोही वाट पाहू लागला — तिची, बायकोची. त्याला सुरुवात करता येत नव्हती. पहिले शब्द कोणीतरी द्यावे लागत, धक्का देऊन गाडी चालू करावी तसे. दोघंही दाराकडे पाहत होती. म्हणजे मीच. ओठ हलवून भागणार नव्हतं.

तिने सुरुवात केली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला, दुसऱ्याच्या घरात येणाऱ्या आवाजासारखा. दोन-तीन शब्दांवर तो येऊन मिळाला, मग पुढे गेला, आणि ती मागून जात राहिली. आपण काय म्हणतोय याकडे तिचं लक्ष नव्हतं. ओढणीच्या कडेला एक ठिकाण उसवलंय, टाका घालून द्यावा, असं काहीतरी मनात चाललं होतं, आणि शब्द आपले येतच होते, पाठचे, दुसऱ्या वाटेने... आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. म्हणजे माझंही हेच. मी धडधाकट, दोन्ही वाटा उघड्या, आणि तरी किती वर्षं देवाशी या एकाच वाटेने बोलत आले. त्याच्याजवळ निदान निमित्त आहे.

आमेन झालं. बेकरीवालीने ओढणी छातीशी धरली.

"चमत्कार आहे हो, ताई. उद्या तुम्ही बोलणार ना? मी येईन. दवाखान्यात भावाला बसवून येईन."

"बघू," ती म्हणाली. डॉक्टरांचाच शब्द. मग तेवढ्यावर न राहवून म्हणाली, "तो बोलत नाही गं अजून. मला हाकसुद्धा मारता येत नाही त्याला."

बेकरीवालीचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. तो पडला नाही. तिने फक्त हात धरला आणि म्हणाली, "आमचीही नाही मारत." आणि गेली. पिठाचा पांढरा ठसा हातावर राहिला.

पडदे पुरे झाले. दुकानाचा माणूस येऊन घेऊन गेला. दिवे लावायची वेळ झाली. त्याला भरवून झालं, तोंड पुसून झालं. ती मोरीशी भांडी घासायला उभी राहिली आणि उद्याची पाच मिनिटं मनात मांडू लागली. चमत्कार म्हणावं? नाही म्हणावं? दोन्ही वाक्यं जुळवून पाहिली. दोन्ही खोटी नव्हती आणि दोन्ही तिची नव्हती. नळाचं पाणी पातेल्यात पडत होतं, भरून वाहत होतं, तिचं लक्ष नव्हतं...

"मला राग आलाय," ती म्हणाली.

मोठ्याने. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

"तुझा राग आलाय मला. दवाखान्यातल्या त्या बाकावर मी किती मागितलं. काय ऐकलंस? तो आत बसलाय, त्याला कळतं सगळं, आणि त्याला बाहेर येता येत नाही. आणि बेकरीवालीची ती पोरगी... ती तर केवढीशी आहे. आणि उद्या मी तिथे उभी राहून तुझं कौतुक करायचं? मला येत नाही. मला काय बोलायचं तेच कळत नाही, सांग ना काहीतरी..."

अडखळत होती. शब्द पुढे-मागे होत होते, वाक्यं अर्धवट सुटत होती, हुंदका मध्येच येत होता. यातलं काहीच पाठ नव्हतं. हे असं तिने कधी कोणाला म्हटलं नव्हतं, देवाला तर नाहीच. प्रार्थना म्हणायची का याला? शेवटी आमेन म्हणायचं असतं, ते तिला सुचलंही नाही.

तिने नळ बंद केला. हात ओलेच होते. राग कमी झाला नव्हता, उद्याचं काही ठरलं नव्हतं, आत खुर्चीची चाकं किंचित कुरकुरली तशी लगेच जायलाही हवं होतं. पण ती थांबली, जरा वेळ, मोरीच्या कडेला टेकून. समोरच्या माणसाला मनातलं सगळं बोलून टाकल्यावर आपण थांबतो, तो आता काय म्हणतोय ते ऐकायला, तशी.