पान संपलं, आळशे

मला जन्मापासून दिसत नाही. ब्रेलमधलं पुस्तक हाती येईपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असायची, म्हणून माझी ताई पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. प्रत्येक पानाच्या शेवटी थांबून म्हणायची, "पान संपलं. जागी आहेस का गं, आळशे?" बहुतेकदा नसायचेच, तो भाग वेगळा.

पुढे ती सगळी रेकॉर्डिंगं तिने आमच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. "तुझ्यासारखे आळशी आणखी असतील," म्हणाली. मी स्वतःकडे काहीच ठेवलं नाही. अख्खी ताई घरात असताना कशाला ठेवू?

गेल्या वर्षी ताई गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. तिचा आवाज ऐकायचा मला धीरच होईना. शेवटी काल ग्रंथालयात जाऊन हेडफोन लावले. तोच आवाज, तीच घाई. पान संपलं. मी श्वास रोखून बसले.

"ही प्रत केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आहे. नक्कल करणे गुन्हा आहे." कुणी यंत्रातली बाई बोलली. पुढच्या पानाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच.

तडक कॉम्प्युटरवाल्या दादांकडे गेले.

"काय झालं, ताई?" ते म्हणाले. सगळ्याच मुलींना ते ताई म्हणतात, पण काल तो शब्द टोचला.

"अहो, आपली पुस्तकं कुणीतरी चोरून बाहेर वाटली," ते सांगू लागले. "प्रकाशक खवळले, सगळंच बंद करायला निघाले. मग पानोपानी ही सूचना घातली. मध्ये कुणीतरी काहीबाही बोलत होतं, ते काढलं."

"काहीबाही नव्हतं. माझी ताई मला हाक मारत होती."

दादा हळूच म्हणाले, "जुन्या फाइली पुसल्या हो. राहिल्या असत्या तर पुन्हा चोरीला..."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

ओरडले खरी, पण त्यांचं तरी काय चुकलं? सगळं बंद झालं असतं तर बाकीच्या पोरांनी काय ऐकलं असतं? मला रडू आवरेना.

"चोरही सापडेल," दादा समजूत घालू लागले. "त्याच्याकडच्या सगळ्या प्रती नष्ट करायला लावू."

"नको!" मी किंचाळलेच.

बाबा रे, तू कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण सापडू नकोस. काही पुसू नकोस. आणि पान संपल्यावर ती विचारेल, तेव्हा एवढं सांग तिला. मी जागी आहे.