हाक ऐकली की लपायचं

आमच्या आईने आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही. बापाचं नाही, माझं नाही, सरकारचं तर नाहीच. एकदाच ऐकलं, तेही आपल्या पोरीचं, आणि तेच तिला भोवलं.

आमची जुनी वस्ती जंगलात होती. वन्यप्राण्यांना मोकळी जागा हवी म्हणून सरकारने आम्हाला तिथून उठवलं आणि जंगलाच्या फाटकाबाहेर आणून बसवलं. पत्र्याची घरं एका रांगेत, सगळ्यांची दारं एकाच बाजूला. हातपंप दिला, पण हिवाळा सरला की तो नुसता खोकतो. आत मात्र जनावरांसाठी सिमेंटचे पाणवठे बांधले. ते भरायला उन्हाळ्यात टँकर येतो आणि आमच्या दारावरून आत जातो. हरणं पाणी पितात, आम्ही टँकरची धूळ खातो, असं मी एकदा वनखात्याच्या साहेबांना तोंडावर म्हणालो होतो. ते हसले. माणूस वाईट नव्हता. नियमाचा पक्का होता, एवढंच.

माझ्या धाकट्या बहिणीला त्याच खात्यात वनरक्षकाची नोकरी लागली. खाकी घालून ती पहिल्यांदा वस्तीत आली तेव्हा लोकांनी तिचं नाव सायबीण ठेवलं. ती चिडायची नाही. नवऱ्याने टाकल्यावर लहान मुलीला घेऊन माहेरी आलेली बाई ती, चिडायला तिला फुरसत कुठे होती? ती नोकरी तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मी आपला उन्हाळ्यापुरता मजूर. वणवा लागला की हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची, हे माझं काम.

आता आईचं सांगतो. जुन्या घराच्या परसात तिने पेरूचं झाड लावलं होतं. घरं पाडली, भिंतींची ढेकळं झाली, पेरू तेवढा राहिला. उन्हाळा लागला की आई कळशी घेऊन नाल्यातून गुपचूप आत शिरायची, जनावरांच्या पाणवठ्यात कळशी बुडवायची आणि ते पाणी नेऊन पेरूला घालायची. जंगलात पाऊल टाकायला बंदी, पाणवठ्याला हात लावायला तर त्याहून बंदी. मी समजावून थकलो. ती म्हणायची, ‘‘त्यांचे बिबटे आहेत, माझा पेरू आहे.’’

हिवाळ्यात त्या झाडाचे पेरू बहीण डब्यातून चौकीवर न्यायची. साहेब मीठ लावून आवडीने खायचे आणि असे पेरू बाजारात कुठे मिळतात म्हणून विचारायचे. ती काहीतरी थाप मारायची.

मग पाणवठ्यावर कॅमेरा लागला. समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा. त्यात अस्वल आलं, रानडुकरं आली, आणि एके दिवशी एक बाई आली. पाठमोरी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी. साहेबांनी तो फोटो चौकीत सगळ्यांना दाखवला. ही बाई सापडली तर तिच्यावर गुन्हा, आणि ती खात्यातल्या कोणाच्या घरची निघाली तर त्याची नोकरी गेली, असं स्वच्छ सांगितलं. बहिणीने चेहरा न बघताच ओळखलं. ती चुंबळ तिच्याच जुन्या हिरव्या ओढणीची होती.

त्या संध्याकाळी घरात जे भांडण झालं ते अख्ख्या रांगेने ऐकलं असेल. बहीण ओरडली, रडली, मुलीला पुढे करून म्हणाली की हिच्याकडे तरी बघ. आई भाकर थापावी तशी शांतपणे कळशी घासत बसली होती. शेवटी बहिणीने हात टेकले.

‘‘जाणारच असशील तर एक ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘मी जंगलात ‘कोण आहे आत?’ असं ओरडले, की साहेब माझ्यासोबत आहेत असं समजायचं. जिथे असशील तिथे लपायचं. कितीही ओरडले तरी हूं की चूं करायचं नाही. आणि ‘आई’ म्हणून हाक मारली, तर मी एकटी आहे. मग ये बाहेर.’’

मला हसू आलं. आई मात्र लगेच हो म्हणाली. मला वाटतं, लेकीशी काहीतरी गुपित आहे याचाच तिला आनंद झाला होता.

अर्थात आईच्या पोटात काही राहणं शक्यच नव्हतं. चार दिवसांत ते वस्तीभर झालं. लाकूडफाट्याला चोरून जाणाऱ्या बायका तीच खूण पाळायला लागल्या. सायबीण ‘कोण आहे’ म्हणाली की झुडपात, ‘आई’ म्हणाली की बाहेर. ती जेवढी मोठ्याने ओरडायची, तेवढं जंगल गप्प. हिच्या हद्दीत कधी घुसखोर सापडत नाही म्हणून साहेब तिचं कौतुक करायचे. तेव्हा आम्हाला याची गंमतच वाटायची.

वणवा लागला तो दुपारचा. पलीकडच्या डोंगरावरून धूर उठला आणि वारा नेमका आमच्या बाजूचा. मधे जुनी वस्ती, अलीकडे गाडीवाट, वाटेच्या या अंगाला हरणांचं मोठं कुंपण. दुसरीकडून आणलेली हरणं सोडण्याआधी तिथे कोंडून ठेवली होती. कुंपणाच्या मागे आमची घरं. साहेबांच्या तोंडी सारखं हरणांचं नाव, आमच्या डोळ्यांपुढे पत्र्याची रांग.

अशा वेळी फांद्या झोडपून काही होत नाही. उलटी आग लावावी लागते. म्हणजे गाडीवाटेच्या कडेने आपणच गवत पेटवायचं, ते वणव्याच्या दिशेने जळत जातं, आणि मोठी आग येईपर्यंत तिला खायला काही उरत नाही. पेटवण्याआधी आत कोणी नाही ना याची खात्री करायची, मोठ्याने हाका द्यायच्या, असा खात्याचा नियम आहे. नियम चांगलाच आहे.

मी बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, आई कुठे आहे? घरी, ती म्हणाली. सकाळी तिने दारातच आईला विचारलं होतं. आईने सुजलेला गुडघा दाखवला होता आणि असल्या पायाने कुठे जाऊ, म्हणून उलट तिलाच विचारलं होतं. गुडघा खरंच सुजला होता, मीही पाहिला होता.

ती वाटेवर उभी राहिली. शेजारी साहेब. तिने तोंडाशी हात धरले आणि ओरडली, ‘‘कोण आहे आत? बाहेर या!’’ थांबली. पुन्हा ओरडली. जंगलातून काही आलं नाही. तिसऱ्या हाकेच्या आधी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘आई’ म्हणावं की काय, हे तिच्या मनात आलं होतं. बहीण आहे माझी, मला तिचा चेहरा वाचता येतो. पण आई घरी होती, आणि साहेब हाताच्या अंतरावर उभे होते. तिने तिसऱ्यांदाही तेच म्हटलं.

कोणी नाही, साहेब म्हणाले. लावा.

गवत इतकं वाळलं होतं की काडी लागताच भडकलं. बघता बघता वाटेच्या कडेने आगीची भिंत उभी राहिली आणि आत सरकायला लागली. मी वाटेवर उडणाऱ्या ठिणग्या विझवत पुढे गेलो. नाला जिथे वाटेला भेटतो तिथे, दगडाजवळ, काहीतरी हिरवं पडलं होतं. मला वाटलं, तोडलेली फांदी असेल. उचललं तर चुंबळ होती.

नुसती ती हातात धरून बहिणीसमोर गेलो. तिने ती पाहिली, मग आगीकडे पाहिलं. मग साहेबांसमोर, सगळ्यांसमोर, ती जिवाच्या आकांताने ओरडली, ‘‘आई!’’

आणि आतून आवाज आला.

‘‘ओ! आले गं!’’

किंकाळी नव्हती ती. घरात कोणी बोलावल्यावर ओ देतात, तशी ओ होती. पाडलेल्या घराच्या ढेकळांआड बसून तिने आमचे तिन्ही पुकारे ऐकले असणार. धूर दिसला असणार, तरीही लेक सांगते तर साहेब आहेत, म्हणून दबून राहिली असणार. आता लेक बोलावतेय म्हणून उठली.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आम्ही दोघं आत धावलो, वाटेवर थांबलेल्या टँकरच्या ड्रायव्हरने आणि दोघातिघांनी आम्हाला ओढून मागे आणलं. साहेब स्वतः आत शिरले होते, त्यांचा हात भाजला. बहीण ‘आई, आई’ ओरडत राहिली. मला ते थांबवायचं होतं. ती हाका मारतेय तोवर आई याच बाजूला येत राहील, आगीच्या तोंडात, एवढंच मला सुचत होतं. मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला. ती माझ्या हाताला चावली.

आग वाटेवर अडली. हरणं वाचली, घरं वाचली. राख निवल्यावर आई आम्हाला पेरूपासून थोड्या अंतरावर सापडली, वाटेच्या दिशेने. कळशी झाडाच्या बुंध्याशी उपडी होती. पेरू वरून पार होरपळला होता. त्याच्या आळ्यातली माती हाताला अजून ओली लागली.

नंतर चौकशीला वरचे अधिकारी आले. पेटवण्याआधी हाका दिल्या होत्या का, हे त्यांनी प्रत्येकाला विचारलं. आमच्या साहेबांनी दिल्या म्हणून सांगितलं. बहिणीला त्यातून सोडवायचाच त्यांचा विचार होता. मीही दिल्या म्हणालो. बहिणीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, ‘‘दिल्या. म्हणून तर ती बाहेर आली नाही.’’

अधिकाऱ्यांना ते कळलं नाही. बाई दुःखात आहे, असं म्हणून त्यांनी तिला बसायला सांगितलं.

फोटोतल्या बाईची गोष्ट साहेबांनी काढलीच नाही, म्हणून नोकरी राहिली. या उन्हाळ्यात पुन्हा वणवा लागला, पुन्हा आम्ही त्याच वाटेवर उभे होतो. साहेबांनी हाक द्यायला सांगितलं. बहिणीने तोंडाशी हात धरले आणि ‘‘आई!’’ म्हणून ओरडली. साहेब चमकून बघायला लागले. थोड्या वेळाने झुडपं हलली आणि वस्तीतल्या दोन बायका डोक्यावर मोळ्या घेऊन बाहेर आल्या, साहेबांपुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, मग बहिणीकडे. त्यांना सगळं समजलं, हे मला त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी बायकांना नुसत्या हातानेच जा म्हटलं.

मग त्यांनी हळूच विचारलं, आल्या सगळ्या बाहेर?

बहीण जंगलाकडे तोंड करून आणखी एकदा ‘‘आई’’ म्हणाली. वारा वाढत होता, पण साहेबांनी घाई केली नाही. आम्ही सगळे थांबलो. आतून कोणी ओ दिली नाही, तेव्हा तिने काडी ओढली.