वांग्याची परीक्षा

गंजलेल्या गॅसशेगडीच्या जागी आता इंडक्शनच, असं उमाजींनी पिंगळीत गावभर सांगून टाकलं होतं. परभणीच्या दुकानात विक्रेता त्यांच्या बायकोला, भिवराबाईंना म्हणाला, "मावशी, चालू शेगडीवर हात ठेवा. भाजणार नाही!"

बाईंनी पिशवीतून नुकतंच घेतलेलं वांगं काढून शेगडीवर ठेवलं. शेगडीनं पीं पीं करून नापसंती कळवली. वांगं जसंच्या तसं, जांभळंगार.

"हात न्हाई भाजत, वांगंबी न्हाई. आवो, आता भरीत इसरा!"

भरिताशिवाय उमाजींना भाकरी गोड लागत नसे. ते हळूच विक्रेत्याला म्हणाले, "दोन बर्नरची गॅसशेगडी दाखवा. आन् पिंगळीचं कुणी आलं, तर त्या दिवशी इंडक्शन संपलं व्हतं म्हणा."