कुणीही उठलं नाही

आमच्या मामंजींना सगळं जग गुरुजी म्हणतं. मी त्यांची सून. लग्नाआधी एका प्रकाशनात पुस्तकं संपादित करायची, म्हणून त्यांच्या पहिल्या ध्यानशिबिरांचा इतिहास लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. घरचीच बाई, नाही म्हणून जाणार कुठे?

इतिहास सगळ्यांना तोंडपाठ होता. भाड्याचं गोदाम, मूठभर माणसं, बाहेरून कडी, आणि संध्याकाळपर्यंत कुणीही उठलं नाही. तोच पुढे नियम झाला. त्या गोदामाचं आता सभागृह झालंय, पण शिबिर सुरू झालं की बाहेरून कडी लागतेच, आणि ती घरच्या बाईने लावायची. आधी सासूबाई लावायच्या, त्या गेल्यावर मी. आतून कुणी कितीही दार वाजवलं तरी उघडायचं नाही. वाजवणारे नंतर येऊन आभार मानतात म्हणे. माझे तरी कुणी मानलेले नाहीत.

यंदा मामंजींच्या सांगण्यावरून त्या कडीआड माझी लेक ठकी बसणार होती. लहानपणी ती लिफ्टमध्ये अडकली होती, तेव्हापासून बाथरूमचं दारही नुसतं लोटून घेते. नवऱ्याला म्हटलं, काहीतरी कर. तो म्हणाला, "बाबांना कोण सांगणार?" आमच्या घरात हा प्रश्न नसतो, उत्तर असतं.

मग मी त्या इतिहासातच वाट शोधायला लागले. पहिल्या शिबिरातून एक जरी माणूस उठून बाहेर पडलेला सापडला, तरी नियमाचं मूळच उखडता आलं असतं. जुन्या साधकांना गाठलं. शिंपी म्हणाला, कुणी उठलं नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, छे, कुणीच नाही.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहणार कशी? डोळे मिटलेले होते ना!"

शिंप्याचेही मिटलेले होते. सगळ्यांचेच होते. साक्षीदार ढीगभर, आणि पाहिलेलं एकानेही नाही. आधी मला हसू आलं, मग रडू फुटलं.

डोळे उघडे असलेलं एकच माणूस उरलं होतं, मामंजींची धाकटी बहीण. पहिली कडी आत्याबाईंनीच लावली होती. मी गेले तेव्हा त्या उशांना अभ्रे घालत बसल्या होत्या.

"नियम कसला डोंबलाचा! शेजारची पोरं सारखी दार ढकलून डोकावत होती, म्हणून घातली कडी. आणि गेले बाजारात. विसरलेच बाई!"

"मग?"

"मग काय, परत येते तर दादा गल्लीत उभा! कोपर सोललेलं, शर्ट फाटलेला. कडीचा आवाज ऐकून जीव गुदमरला म्हणे त्याचा. मागच्या खिडकीतून उडी मारली. बाकीचे आपले डोळे मिटून बसलेत, गुरू समोर आहे असं समजून. मी कडी काढली, तो गुपचूप आत जाऊन बसला."

"आणि इतकी वर्षं तुम्ही हे बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं? मी कुठे ध्यानाला बसले होते?"

ती खिडकी आता नाही. विटा लावून बुजवली आहे आणि तिच्यावर मामंजींचा भलामोठा फोटो आहे. शिबिरात मामंजी स्वतः आत बसतही नाहीत, आपल्या खोलीतून माईकवर बोलतात. त्यांना एकांत लागतो, असं मीच पहिल्या प्रकरणात भक्तिभावाने लिहून ठेवलं होतं. मला स्वतःचाच संताप आला.

शिबिराच्या सकाळी ठकी रांगेत उभी होती. चेहरा पांढराफटक. मामंजी सगळ्यांना निरोप द्यायला दाराशी आले होते. मी साऱ्यांदेखत म्हणाले, "मामंजी, नात पहिल्यांदाच बसतेय. आज तुम्हीही तिच्याजवळ बसा. मग मी कडी लावते."

साधकांना भरून आलं. कुणीतरी हातही जोडले. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काय ठाऊक आहे ते त्यांना कळलं. पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. अशी सोय आमच्यापैकी कुणालाच कधी नव्हती, आज पहिल्यांदा त्यांनाही नव्हती. ते आत गेले.

मी कडी लावली. ते नेटाने बसून राहिले तर? मग माझी पोर कायमची अडकली.

दार वाजलं. आधी हळू, मग भराभर.

मागे उभा असलेला नवरा म्हणाला, "उघडू नकोस. होईल पोरीला सवय."

मी कडी काढली. दारात मामंजी उभे होते. घामाने निथळत होते. त्यांच्या मागे सगळे साधक डोळे मिटून शांत बसलेले, कोण उठलं याचा एकालाही पत्ता नाही. फक्त ठकीचे डोळे टक्क उघडे होते. ती उठली, तिने आजोबांचा हात धरला आणि म्हणाली, "चला आजोबा, मलाही नाही जमत."

दोघं आमच्या समोरून अंगणात गेली. नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला.